सासऱ्यांनी रोवलेला खांब

पत्ते खेळणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण पत्त्यांवरून उठायचं कधी या एका प्रश्नावर माझ्या सासऱ्यांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी भल्याभल्यांनी मोक्षावरही केली नसेल. खेळायला बसण्याआधी ते उठण्याचा नियम करत, खेळता खेळता त्या नियमाचा अर्थ लावत, आणि घरी आल्यावर नियम अक्षरशः कसा पाळला गेला हे सासूबाईंना समजावून सांगत. आपण आयुष्यात एकही नियम मोडला नाही, असं ते छातीवर हात ठेवून म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नियम मोडायची वेळ आली की ते नवा नियम करत. बरं, माणूस मूळचा ढिला म्हणावा, तर तसंही नाही. संस्थानात नाकेदार म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. खाडीत शिरणारा प्रत्येक मचवा थांबवायचा, आत माल काय आहे ते पाहायचं, जकात घ्यायची आणि मग सोडायचा, हे त्यांचं काम. त्यांनी नुसता डावा हात वर केला की भरल्या शिडाचा मचवा जागच्या जागी थांबे, असं लोक सांगत. पेन्शनीत निघाल्यावर थांबवायला दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला थांबवायचं काम अंगावर घेतलं. त्या कामात मात्र इतक्या वर्षांची नोकरी त्यांच्या काही उपयोगी पडली नाही.

मी सांगतो आहे ती हकिगत एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागे घडलेली. आगरदांड्याच्या अलीकडे मोठ्या खाडीचा एक अरुंद फाटा आत शिरलेला आहे. त्याच्या एका काठाला माझ्या सासरची सुपारीची वाडी आणि समोरच्या काठाला सारंगाचं घर. ओहोटीला धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पलीकडे जाता येई. भरती आली की फाटा तुडुंब भरे, आणि मग बांधावरून लांबचा वळसा घेण्यापेक्षा ओहोटीची वाट बघणं सोपं पडे. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. हा आमचा सारंग तरुणपणापासून आगबोटींवर फिरून, नाही नाही ती बंदरं पाहून म्हातारपणी गावी परतला होता. येताना त्याने घरच्यांसाठी काचेची भांडी आणली आणि गावासाठी पोकर आणला. गावाला तोवर झब्बू आणि लाडीस एवढेच खेळ ठाऊक. पाच पानं हातात धरायची, नकोशी टाकून दुसरी मागायची, आणि हातात काही नसताना चारही राजे आल्याचा आव आणून समोरच्याला हूल द्यायची, हा प्रकार सासऱ्यांना फारच आवडला. हूल देणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. सारा जन्म दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात गेलेल्या या माणसाचा स्वतःचा चेहरा कोणीही वाचावा असा होता. चांगली पानं आली की ते हवापाण्याचं बोलू लागत. 'यंदा आंब्याला मोहोर बरा दिसतो,' असं ते म्हणाले की बाकीचे तिघे मुकाट्याने पानं टाकून देत. हे तिघे म्हणजे सारंग, गावचे वैद्यबुवा आणि जवळच्या मिठागरावरचे गुजराती मेहता. बैठक सकाळची असे. दिवेलागणीनंतर पत्ते खेळतो तो जुगारी आणि सकाळी अंघोळ करून खेळतो तो सद्गृहस्थ, असा सासऱ्यांनी स्वतःपुरता निवाडा केला होता.

आता खेळणाऱ्याने सुखाने खेळावं, थांबायची एवढी घाई कशाला, असं कोणी म्हणेल. घाई सासूबाईंमुळे होती. त्या काळी नवरा जेवल्याशिवाय बायको जेवत नसे, आणि माझ्या सासूबाई तर त्यांच्याच ताटात त्यांच्यामागून जेवणाऱ्या. सासरे बाराला आले तर त्या साडेबाराला जेवत, ते तीनला आले तर त्या साडेतीनला. त्यात त्यांना पित्ताचा विकार जडला. जेवणाची वेळ टळली की डोकं फुटायला लागे, उलट्या होत, एकदा तर विहिरीवर घेरी येऊन त्या पडल्या. वैद्यबुवांनी सासऱ्यांना स्पष्टच सांगितलं, की पुड्या देतो, पण खरं औषध वेळेवर जेवण. मध्यान्हाला पोटात अन्न गेलं नाही तर एक दिवस ही बाई तुमच्या हाती लागायची नाही. हे सांगताना वैद्यबुवांच्या स्वतःच्या हातात पाच पानं होती आणि दुपारचे दोन वाजून गेले होते.

सासऱ्यांनी बायकोला आधी जेवून घ्यायला सांगून पाहिलं. माझ्या बायकोने, शेजारणींनी, आडून आडून मीही सांगून पाहिलं. सासूबाई बरं म्हणत, ताटावर झाकण घालत आणि परसदारी जाऊन बसत. त्यात हट्ट नव्हता की राग नव्हता. त्यांच्या आईने तसंच केलं होतं, आजीनेही तसंच केलं होतं, एवढंच. तेव्हा उपाय एकच राहिला, तो म्हणजे सासऱ्यांनी वेळेवर उठणं. त्यांचा बायकोवर फार जीव होता, हे मी पैजेवर सांगेन. तो नसता तर त्यांनी नियम केलेच नसते, बिनघोर खेळत बसले असते.

पहिला नियम तहानेचा. सोवळंओवळं तेव्हा कडक होतं. सारंगाच्या ओटीवर बसायला, त्याने वाटलेली पानं उचलायला, त्याच्याकडून जिंकायला सासऱ्यांची हरकत नव्हती. पत्त्यांना विटाळ नसतो, असं ते म्हणत. पाणी मात्र त्याच्या घरचं चालत नसे. या अडचणीतूनच त्यांनी नियम काढला, की तहान लागली की उठायचं. आणि तहान वेळेवर लागावी म्हणून सकाळी निघताना खारवलेल्या मिरच्या नि लोणच्याच्या फोडी खाऊन निघायचं. पहिल्या दिवशी मध्यान्हाच्या बऱ्याच आधी त्यांचा घसा कोरडा पडला. ते उठले, धोतर झटकलं, आणि आज ही वेळेवर जेवणार म्हणून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. पण सारंग आतिथ्याचा मोठा. पाहुणा आपल्या ओटीवरून तहानलेला उठतो, हे काही त्याला बघवेना. त्याने परसातल्या माडाचं शहाळं उतरवलं, कोयत्याने तासलं आणि पुढे ठेवलं. 'साहेब, हे पाणी आमचं न्हाय. माडाचं हाय,' तो म्हणाला. सासऱ्यांनी वैद्यबुवांकडे पाहिलं. फळाला दोष नसतो, असा वैद्यबुवांनी निर्वाळा दिला, कारण त्यांच्या हातात गुलामांची जोडी होती आणि बैठक मोडायला नको होती. सासरे शहाळं प्यायले आणि खाली बसले. त्या दिवशी घरी यायला त्यांना तीन वाजले. नियम मोडला का, तर नाही, कारण तहान उरलीच नव्हती. त्या उन्हाळ्यात सारंगाच्या माडावर नारळ व्हायला म्हणून एक शहाळं राहिलं नाही, आणि सासऱ्यांना मात्र खारवलेल्या मिरच्यांची सवय लागली ती कायमची.

त्यानंतर चंचीचा नियम आला. पैसे लावून खेळणं सासऱ्यांना पाप वाटे, म्हणून डाव सुपारीवर चाले. घरून चंची भरून सुपारी न्यायची आणि ती संपली की उठायचं, कोणाकडून उसनी घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. ऐकायला हे निर्दोष वाटतं. पण सुपारी ही खाण्याची वस्तू आहे आणि विचार करताना आपल्याला अडकित्ता चालवायची सवय आहे, ही गोष्ट नियम करताना त्यांच्या ध्यानात आली नाही. कठीण डाव आला की ते चंचीतली एक काढत, कातरत आणि तोंडात टाकत. एकदा तर विचाराच्या नादात त्यांनी डावात लावलेलीच सुपारी उचलून कातरली. मेहता हिशेबाला पक्के, त्यांनी लगेच हरकत घेतली. लावलेली सुपारी खाल्ली तर ती हरली असं धरायचं की दुसरी ठेवायची, आणि मुळात ती खाल्ली कोणाची, यावर दुपार टळेपर्यंत खल झाला. तरी या नियमाचा एक फायदा झाला. जिंको वा हरो, चंची लवकर रिकामी होई, आणि थोडे दिवस का होईना सासूबाई वेळेवर जेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं, विहिरीवर त्या शेजारणीशी हसून बोलताना दिसल्या. मग एका सकाळी सासरे दोन चंच्या घेऊन निघाले, एक खेळायची आणि एक खायची. खायची संपली की ते खेळायच्या चंचीतून घेत, आणि खेळायची संपली की खायच्या चंचीतून. स्वतःकडून घेतलेलं ते उसनं नव्हे, हे त्यांनी आम्हाला सर्वांना पटवून दिलं होतं.

त्यापुढचा नियम माझ्याच गळ्यात पडला. मी अलिबागला शाळामास्तर होतो आणि सुट्टीत सासरी जात असे. सारंगाच्या ओटीवर मला मानाने बसवत, पण डावात घेत नसत. जावयाचं जिंकून घेणं बरं दिसत नाही आणि जावयाला आणखी किती द्यायचं, असं सासऱ्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी मला आपल्याला उठवायचं काम दिलं. सूर्य डोक्यावर आला की हाक मारायची, ऐकलं नाही तर दंडाला धरून उठवायचं, अशी त्यांची आज्ञाच होती. सूर्य डोक्यावर आला. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. मग मी भीतभीत दंडाला हात लावला. सासऱ्यांनी पानं खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतला. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, 'जावईबापू, तुम्ही पाहुणे. पाहुण्याला कामाला लावलं तर गाव मला हसेल. बसा, शहाळं घ्या.' मी बसलो. शहाळं गोड होतं.

याच सुमारास गावच्या शाळेत संयम या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. माणसाने प्रत्येक गोष्टीला मर्यादा घालून घ्यावी, हे ते इतकं रंगून सांगू लागले की मुलं पेंगायला लागली, गुरं रानातून परतली, तरी मर्यादेचा विषय संपेना. शेवटी हेडमास्तरांनी घंटा वाजवली. तेव्हा घंटेचं माणसाच्या आयुष्यातलं महत्त्व सांगून मगच त्यांनी समारोप केला.

शेवटचा आणि सगळ्यात भारी नियम खांबाचा. माणसं ऐकत नाहीत, सुपाऱ्या फितूर होतात, तेव्हा आता समुद्रावरच हवाला ठेवावा असं सासऱ्यांनी ठरवलं. फाट्यातून जायची जी वाट होती तिच्या मध्यावर त्यांनी पोफळीचा एक सोट रोवला आणि त्यावर चुन्याचा पट्टा ओढला. भरतीचं पाणी पट्ट्याला टेकलं तरी माणसाला घाईने पलीकडे जाता येई. पट्टा बुडाला की वाट बंद. पाणी पट्ट्याला टेकलं की हातात काहीही असो, उठायचं, असा नियम. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी असते. त्या दिवसांत पट्टा कोरडा राही आणि आज समुद्राचीच हरकत नाही म्हणून सासरे निर्धास्त बसत. पौर्णिमा-अमावास्येला भरती ऐन दुपारची, तेव्हा नियमाची खरी परीक्षा. आणि इथेच समुद्रकाठच्या माणसालाच सुचावी अशी एक खोच होती. वेळेवर उठलं नाही तर वाट बंद, आणि वाट बंद झाली की ओहोटी लागेपर्यंत बसून खेळण्यावाचून इलाज नाही. म्हणजे नियम चुकवण्याची शिक्षा काय, तर आणखी पोकर. हे सासऱ्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण खांब रोवल्यावर लवकरच त्यांनी आपली बसायची जागा बदलली. आधी ते खाडीकडे तोंड करून बसत, आता पाठ करून बसू लागले. पानांवर उजेड नीट पडतो, असं त्यांनी कारण दिलं.

अशा रीतीने तो खांब सासऱ्यांच्या पाठीशी आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर राहिला. परसदारी बसून त्या पाणी चढताना बघत. पट्टा बुडाला की उठून भाताला पुन्हा ऊब देत आणि परत येऊन बसत. त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि त्यांचं पित्त फारच वाढलं होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत. सासऱ्यांना ते दिसत होतं. ते सकाळी निघताना दारात घुटमळत, आणि तरीही जात. या एका बाबतीत मला त्यांचा राग येई, आणि जावई असल्यामुळे तो गिळून टाकावा लागे.

वैशाखातली अमावास्या होती. आदल्या दिवशी सासूबाई दिवसभर निपचित पडून होत्या. सासरे पत्त्यांना न जाता उशाशी बसून राहिले, कपाळाला चंदन लावत राहिले, आणि उद्या पाणी पट्ट्याला टेकायच्या आत घरी येतो असं त्यांनी सासूबाईंच्या हातावर हात ठेवून सांगितलं. सकाळी गेले. मीही बरोबर होतो. पाणी चढू लागलं, पट्ट्याला टेकलं. मी खाकरलो. सासऱ्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हातही टेकला, पण नेमकी तेव्हाच नवी पानं वाटली गेली होती. ती उचलून पाहताच ते म्हणाले, 'यंदा पोफळीला फुलोरा बरा आहे.' आम्ही काय ते समजलो. सारंगाने नि वैद्यबुवांनी पानं टाकली. पण त्या दिवशी मेहतांच्याही हातात काहीतरी होतं. ते हटेनात, आणि सासरे तर हटण्याच्या पलीकडे गेले होते. दोघांच्या मध्ये सुपाऱ्यांचा ढीग वाढत चालला.

मी सहज समोर पाहिलं. सासूबाई पाण्यात उतरल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या काठावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. लुगडं वर खोचलेलं, एक हात खांबाला घट्ट धरलेला, पट्टा बुडून गेलेला आणि पाणी कमरेच्या वर. मी धावलो. सारंगाची बायको, जिला सगळे बीबी म्हणत, ती परसातून माझ्या आधी पाण्यात शिरली होती. आम्ही दोघांनी त्यांना धरून काठावर आणलं. त्यांचे ओठ पांढरे झाले होते, पण पाय थांबत नव्हते. ओल्या लुगड्यानिशी त्या ओटीच्या पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, पाणी चढलं.'

सासऱ्यांनी मान वळवली नाही. पानांवरची नजर न काढता त्यांनी डावा हात वर केला, तोच नाक्यावरचा हात. 'आलोच. हा एवढा डाव,' ते म्हणाले. बायकोचा आवाज इतक्या जवळून कसा आला, हे त्यांच्या डोक्यातही शिरलं नाही. सासूबाई क्षणभर त्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. मग बीबीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना आत नेलं.

डाव आणखी लांबला. बऱ्याच वेळाने सासऱ्यांच्या कानातलं मनात उतरलं असावं. त्यांनी मला विचारलं, ही आत्ता इथे होती का. मी हो म्हटलं. मग कुठे गेली, असं म्हणत त्यांनी कित्येक दिवसांत पहिल्यांदा वळून खाडीकडे पाहिलं. फाटा काठोकाठ भरला होता. खांबाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. मी काही सांगणार एवढ्यात त्यांच्या हातातली पानं गळून पडली. ओढ असलेल्या त्या पाण्याकडे बघत ते धडपडत उठले. मी माणसाचा चेहरा असा झालेला पुन्हा पाहिला नाही, आणि बघायची इच्छाही नाही. तेवढ्यात आतून बीबीचा आवाज आला.

'वैनी हितं हायत साहेब. जेवतायत.'

आधी त्यांना फक्त पहिला अर्धा भाग समजला. ते भिंतीला धरून दारापर्यंत गेले. दुसरा अर्धा भाग समजला तो दारात पोचल्यावर. सासूबाई बीबीचं कोरडं लुगडं नेसून जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात तांदळाची भाकरी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. त्यांनी वर पाहिलं, तोंडातला घास सावकाश गिळला आणि म्हणाल्या, 'मला भूक लागली होती.' आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. पाणी चढलं म्हणाल्या होत्या त्याच सुरात हेही म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य आपण पहिल्यांदाच ऐकलं, असं सासरे पुढे मला म्हणाले.

नवऱ्याआधी जेवण, आणि तेही सारंगाच्या घरी. गावात हे कळलं तर काय होईल ते प्रत्येकाला ठाऊक होतं. वैद्यबुवांनी घसा साफ केला आणि औषध म्हणून घेतलेल्या अन्नाला दोष नसतो असं शास्त्र असल्याचं सांगितलं. कोणतं शास्त्र ते त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. मेहतांनी संधी साधून सासऱ्यांची पडलेली पानं उलटून पाहिली. तीन राण्या होत्या. मेहतांनी आपली पानं गुपचूप गड्डीत मिसळून टाकली.

सासऱ्यांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते उंबरा ओलांडून आत गेले, बायकोच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, 'बीबी, भाकरी उरली आहे का? मीही उपाशीच आहे.' बीबीने गरम भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली. सारंग ओटीवर उगाच कोयता शोधत राहिला, तो समोरच पडला होता. नवरा-बायको एका वेळी जेवताना मी त्यापूर्वी पाहिलेच नव्हते, माझ्या घरीही नाही.

गावात बोभाटा झालाच. काही दिवस सासऱ्यांना कोणी पंगतीला बोलावलं नाही. ते विचारणाऱ्याला सांगत, की वैद्याचं औषध होतं, वैद्याला विचारा. आणि वैद्यबुवा बिचारे सांगतही. त्या दिवसापासून नियम करणं बंद झालं. खांब पुढच्या पावसात वाहून गेला, तो परत कोणी रोवला नाही. घरी दोन ताटं शेजारी शेजारी मांडली जाऊ लागली. सुरुवातीला सासूबाई लाजेने भिंतीकडे तोंड करून जेवत, मग हळूहळू त्यांची मान वळली. सासरे पोकर खेळायला जात होतेच, पण सूर्य वर आला की हातातली पानं तशीच ठेवून उठत. 'आज कुठला नियम काढलाय साहेब?' असं सारंगाने एकदा थट्टेने विचारलं. नियम कसला, ती ताटं मांडून बसली असेल, असं म्हणून सासरे पायरी उतरले. पुढची काही वर्षं सासूबाईंचं पित्त पुष्कळच आटोक्यात राहिलं.

मग सासरे गेले, थोड्याशाच दुखण्याने. सासूबाईंचं जेवण पुन्हा बिघडलं. आता कोणासाठी थांबायचं नव्हतं आणि कोणाबरोबर बसायचंही नव्हतं, तेव्हा त्या जेवायचंच विसरू लागल्या. वाळत चालल्या. त्यांना अलिबागला नेण्याचा आम्ही खूप आग्रह केला, पण त्या वाडी सोडून यायला तयार नव्हत्या. हे सारंगाच्या कानावर गेलं. तेव्हापासून तो रोज दुपारी येऊ लागला. अंगणात उभा राहून विचारी, 'वैनी, जेवलात?' त्या हो म्हणेपर्यंत तिथून हलत नसे. सासूबाई त्याला भावोजी म्हणू लागल्या होत्या. सासऱ्यांमागे त्याने पत्ते पुन्हा हातात धरले नाहीत.

एका दिवाळीला मी गेलो होतो. लक्ष्मीपूजनाचा दिवस, अमावास्येची भरती, फाटा तुडुंब भरलेला. सारंग आता इतका थकला होता की बांधावरून वळसा घेऊन येणं त्याला शक्य नव्हतं. सासूबाईंनी माझं ताट वाढलं, आपलं वाढून झाकून ठेवलं आणि परसदारी जाऊन बसल्या. मी म्हटलं, तुम्हीही बसा ना. त्या म्हणाल्या, 'बसते. भावोजी विचारून जाऊ देत.' आज एवढ्या पाण्यातून ते कसे येणार, असं मी म्हटलं. त्या समोरच्या काठाकडे बघत राहिल्या. भात निवत चालला. मीही ताटाला हात न लावता बसून राहिलो.

थोड्या वेळाने पाण्यावरून हाक आली. जन्मभर वाऱ्यावादळात डेकवर हुकूम दिलेला तो आवाज म्हातारा झाला होता, मध्येच चिरकत होता, पण फाटा ओलांडण्याइतका अजून त्यात जोर होता.

'वैनी, जेवून घ्या आता. दुपार टळली.'

'हो भावोजी, बसते,' सासूबाई म्हणाल्या, ते समोरच्या काठावर ऐकू जाण्याजोगं नव्हतं. पदर सावरत त्या आत आल्या, ताटावरचं झाकण काढलं आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी पहिला घास घेतल्यावर मग मी जेवायला सुरुवात केली.